आईच्या दगडाला मार्जिन

१२ एप्रिल

टिल्ल्या,

"सदर महिला" म्हणजे मी का रे?

आज दफनभूमीच्या कचेरीत गेले होते, आईच्या दगडाचा अर्ज द्यायला. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाला, "बाई, याच्यावर हरकत आलेली आहे." मला वाटलं, दगडाच्या रंगावर कुणाची तरी हरकत असेल. त्यानं कागद पुढं सरकवला. तुझं अक्षर मी कुठंही ओळखीन. "सदर महिलेने आमच्या मातोश्रींचे दफन आम्हांस न विचारता अन्यत्र केले असून..." मातोश्री! जन्मात कधी तिला मातोश्री म्हणालास का? "ए आई, बटण तुटलं" याच्यापुढं तुझी भाषा कधी गेली नाही. आणि "आमच्या" म्हणे. मी काय वाटेत सापडले होते?

कारकुनानं विचारलं, "हे कोण आपले?" म्हटलं, "धाकटा भाऊ. लहानपणापासून असाच आहे." बिचारा सर्दीनं बेजार होता, तरी हसला.

आता राग गिळून कामाचं लिहिते. इथले नियम भिंतीवर रंगवून ठेवलेत आणि मी ते उभ्याउभ्या पाठ केले. दगड किती उंच, किती रुंद, ते ठरलेलं आहे. काच चालत नाही, कुंडी चालत नाही, लोखंडी कठडा चालत नाही. खालचा ओटा त्यांचीच माणसं ओतणार आणि त्याची फी वेगळी. दगड बसवायची फी वेगळी. ठरलेल्या अक्षरांच्या वर गेलं तर दर अक्षराला पैसे. हे सगळं मी बघून घेते, त्यात तुला पडायची गरज नाही. फक्त एका नियमाशी आपली गाठ आहे. दगड बसवायला सगळ्या मुलांची सही लागते. आणि तुला हवंय तसं, म्हणजे आईला तिथून काढून बाबांच्या शेजारी न्यायचं, तर त्यालाही सगळ्या मुलांची सही लागते. म्हणजे तू अडवलंस की माझं अडतं आणि मी अडवलं की तुझं.

आणि वर्षाच्या आत दोन्हींपैकी काहीच झालं नाही, तर तिच्या डोक्याशी जो नंबरचा पत्रा ठोकलाय तो उपटून टाकतात. मग ती जागा बिननावाच्या रांगेत जमा होते. परत नाव लावता येत नाही. ऑक्टोबरात वर्ष भरतं.

तू आलास तेव्हा इथं खड्डा खणून झाला होता, हे खरं आहे. तू लांब उभा राहिलास आणि चहासुद्धा न घेता परत गेलास, तेही मी विसरलेले नाही. पण ही जागा मी निवडली नाही. आईनं स्वतः घेऊन ठेवली होती. इस्त्री करता करता मला म्हणाली, "जन्मभर तुझ्या बापाचं घोरणं ऐकलं. आता माझ्या कानांना जरा सुटी दे." मी हसले. ती हसली नाही, कॉलर उलटी करून इस्त्री फिरवत राहिली. तुझं म्हणणं, मी तिला फूस लावली. अरे, आईला फूस लावणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

सही करून पाठव. रागावलेली, पण तुझीच,

ताई

६ मे

टिल्ल्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. "आईनं असं म्हणणं शक्य नाही. बाबांच्या दगडावर तिच्यासाठी अर्धी जागा सोडली आहे." झालं. ख्यालीखुशाली नाही, माझे गुडघे कसे आहेत ते विचारणं नाही.

अर्धी जागा तू सोडलीस, मला माहीत आहे. बाबांचा दगड तूच करवून घेतलास आणि चांगला केलास. तिथं गेलं की त्या कोऱ्या भागाकडे आधी लक्ष जातं. तुला त्याचं वाईट वाटतं हेही मला कळतं. पण तो दगड करताना तू आईला विचारलं होतंस का? मीही नव्हतं विचारलं. दोघांनीही गृहीत धरलं की ती जाईल बाबांच्या शेजारी. आणखी कुठं जाणार?

तर मी तुझ्या सहीची वाट न बघता पाथरवटाकडे जाऊन दगड सांगून आले. तू आता तिकडं डोकं धरून बसला असशील. बस. मला तिचं नाव हवंय तिथं. मी दर आठवड्याला जाते, गवत उपटते आणि एका नंबरशी बोलून परत येते. शेजारच्या नंबरशीसुद्धा चुकून बोलले एकदा. मग स्वतःचाच राग आला आणि घरी येऊन उगीच रडले.

काय लिहायचं यावर कचेरीत महाभारत झालं. मी लिहून नेलं होतं: नाव, जन्माचं आणि मृत्यूचं साल आणि खाली एकच शब्द, "शिंपीण." कारकून म्हणाला, "पदव्या आणि हुद्दे लिहायला परवानगी नाही." मी म्हटलं, "शिंपीण ही पदवी कधीपासून झाली?" तो म्हणाला, "व्यवसाय आहे ना, मग तेच ते." मी म्हटलं, "अहो, तुम्ही आत्ता घातलेली पँट कुणी शिवली?" त्यानं खाली बघितलं. खरं तर आईनंच शिवली असणार, खिशाची टीप बघून मला पक्कं कळलं होतं, पण मी बोलले नाही. तो आत साहेबांना विचारायला गेला. बाहेर येऊन म्हणाला, "ज्या व्यवसायाचं प्रमाणपत्र मिळतं तो लिहिता येत नाही. मातोश्रींकडे शिवणकामाचं प्रमाणपत्र होतं?" म्हटलं, "छे हो! प्रमाणपत्र कुठलं?" "मग लिहा," म्हणाला. पहिल्यांदाच तिला न शिकल्याचा फायदा झाला बघ.

(त्यानंही "मातोश्री" म्हटलं. तुमचं दोघांचं जमेल.)

पाथरवट माणूस भला आहे. माप विचारलं तर मी माझ्या शिवणाच्या दुकानात येऊन टेपानं नियमाचं माप लावून बघितलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं. करडा दगड आहे, बारीक ठिपक्यांचा. तुला आवडेल.

सही पाठव रे. अजून वेळ आहे.

ताई

२० जून

टिल्ल्या,

हे वाचताना तू बसलेला असशील तर बरं. हसून पडशील.

दगड आला. पाथरवटाच्या दोन माणसांनी तो हातगाडीवरून कचेरीच्या आवारात आणला. अक्षरं इतकी सुरेख आली होती की माझे डोळे भरून आले. कारकून टेप घेऊन बाहेर आला, रुंदी मापली, मान हलवली, परत मापली. मग उंची. मग माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी त्याचं घर बुडवलंय.

दगड मोठा. चारी बाजूंनी मोठा! कचेरीचा ओटा ओतायचा लोखंडी साचा ठरलेला आहे, दोन रांगांमधून गवत कापायचं यंत्र जातं, त्यामुळे बोटभर जास्त झालेलं चालत नाही. इथं तर दोन बोटं जास्त. मी पाथरवटावर अशी तुटून पडले की विचारू नकोस. तो गरीब माणूस खिशातून चिठ्ठी काढून म्हणाला, "बाई, अक्षर तुमचंच आहे ना?"

माझंच होतं. आणि तिथंच डोक्यात प्रकाश पडला. मी नियमाचं माप घेतलं आणि हात सवयीनं चालला. दोन्ही बाजूंना शिलाईसाठी सोडलं, वर सोडलं, खाली दुमडीसाठी सोडलं.

टिल्ल्या, मी दगडाला मार्जिन सोडलं रे!

मी कचेरीच्या पायरीवर बसले आणि हसत सुटले. कारकुनाला वाटलं, बाईला काहीतरी झालं. पाणी आणलं त्यानं. मग मी रडायला लागले, तर त्यानं आणखी पाणी आणलं. आईनं बघितलं असतं तर म्हणाली असती, "गधडे, दगड काय धुतल्यावर आटतो?" आणि तरी चिठ्ठी लिहिताना मी तिचंच ऐकत होते. कापड कमी पडलं की ओढून वाढत नाही, हे तिनं आपल्या दोघांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं. तू ऐकलं नाहीस म्हणून सुतार झालास.

तर दगड सध्या कचेरीच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा आहे. तुझ्या सहीशिवाय एवीतेवी बसणारच नव्हता.

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. मी पायरीवर बसले होते तिथं माळी आला. वयस्क आहे, कानानं थोडा कमी. तो दगडावरचं नाव वाचून म्हणाला, "शिंपीण? म्हणजे त्या शिवणाऱ्या बाई का? दोन चष्मेवाल्या?" मी म्हटलं, "तुम्ही कसं ओळखता?" तर म्हणाला, "इथं यायच्या ना त्या. गेल्याच्या गेल्या वर्षी. बरेच दिवस येत होत्या."

मला काहीच माहीत नव्हतं, तुझी शप्पथ. मला वाटत होतं, ती एकदा खिडकीशी गेली आणि असेल ती जागा घेऊन आली. माळी सांगत होता, ती दुपारी पिशवी घेऊन यायची, पोतं दुमडून गवतावर बसायची आणि शाळेच्या गणवेशांना काजं करायची. थोडं शिवायची, मग उठून पोतं दुसरीकडे न्यायची. परत बसायची. झाडाखाली बसून बघितलं, भिंतीशी बसून बघितलं. माळ्याला वाटलं, म्हातारीचं काही हरवलंय. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, "आजी, काय शोधताय?" तर म्हणाली, "उजेड."

मग एक दिवस जिथं बसली तिथून हललीच नाही. सगळी काजं संपवली, सुई टोचून ठेवली आणि माळ्याला म्हणाली, "हा बरोबर डाव्या खांद्यावरून येतो. ही जागा कुणाची आहे?"

आता सांग, हे मी तिला शिकवीन का? उजव्या हातानं शिवणाऱ्याला डावीकडून उजेड हवा, नाहीतर हाताची सावली टाक्यावर पडते. घरात मशीन हलवायचं म्हटलं की ती काय तमाशा करायची, आठवतं ना? पाहुणा आला तरी तिची खिडकीजवळची जागा कुणाला मिळायची नाही. बाबांची जागा त्या मोठ्या झाडांच्या काळोखात आहे, टिल्ल्या. तिथं सुईत दोरा ओवता येणार नाही.

मला वाटत होतं, ती बाबांपासून लांब जाण्यासाठी इथं आली. घोरण्याचं तिनं मला सांगितलं आणि मी तेच धरून बसले. खरं तर तिला तिच्यापुरती एक चांगली जागा हवी होती, एवढंच. बाबांशी त्याचा फारसा संबंध नसावा.

तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, हवं तर. माळ्याला विचार. पण ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोल.

ताई

१० ऑगस्ट

टिल्ल्या,

तुझं उत्तर नाही. जुलै गेला, ऑगस्टही चाललाय. मी रोज टपालवाल्याकडे अशी बघते की तो हल्ली समोरच्या बाजूनं जातो.

मी पुष्कळ विचार केला. मला तिला इथंच ठेवायचंय, हे तुला माहीत आहे. माळ्याचं ऐकल्यापासून तर जास्तच. पण आपण दोघं असेच हटून बसलो तर ऑक्टोबरात तिचा पत्रा निघेल. मग ती ना बाबांशेजारी, ना उजेडात नावानिशी. आपल्या दोघांच्या हट्टापायी आपली आई बिननावाची होईल. हे मला सहन होणार नाही. मी हरले तरी चालेल, पण हे नाही.

म्हणून कचेरीतून तुझ्या बाजूचा अर्ज घेतला. तिला हलवून बाबांच्या शेजारी न्यायचा. त्यावर माझी सही केली आहे आणि तो या पाकिटात घातलाय. कारकून म्हणाला, "बाई, नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की कसलं आलंय, पण करते." सही जरा वाकडी आली आहे. चालेल, असं तो म्हणाला.

सोबत दगडाचाही अर्ज आहे, त्यावर तुझ्या सहीची जागा मोकळी आहे. यातला एक पाठव आणि दुसरा फाड. कुठला, ते तू ठरव. मी परत विचारणार नाही आणि जन्मात बोलूनही दाखवणार नाही. (बोलून दाखवीन, पण कमी.)

फक्त एक मागते. ठरवायच्या आधी एकदा इकडे ये. दुपारचा ये आणि तिच्याजवळ बस.

ताई

२१ सप्टेंबर

टिल्ल्या,

पोचलास का नीट? पोचल्याची एक ओळ तरी टाकायची. तुझी बस सुटल्यावर मी बराच वेळ थांब्यावर उभी होते. मागच्या माणसानं विचारलं, "कुठली गाडी हवी?" म्हटलं, "गेली."

तू आलास त्या दिवसाचं अजून हसू येतं. मी कोटाची बाही उसवत होते, मान वर केली तर तू दारात. पँटच्या मागं गवत लागलेलं. इतक्या महिन्यांनी भाऊ दारात उभा आणि मी काय बोलले? "गवत झटक आधी, आत कोट पडलेत." आणि तूही निमूटपणे बाहेर जाऊन झटकून आलास. तेव्हाच मला कळलं की तू आधी कुठं बसून आलायस. मग तू म्हणालास, "ताई, खरंच डावीकडून येतो गं." आणि आपण दोघं त्या कोटांच्या ढिगात बसून लहान पोरांसारखे रडलो. गिऱ्हाईक आलं आणि तसंच मागं फिरलं. परवा येऊन विचारत होतं, दुकानात कोण गेलं म्हणून.

तुला बघायला मिळालं नाही ते सांगते. तू आखून दिलेल्या रेषेवर पाथरवटानं दगड चारी बाजूंनी कापला. तुझी पेन्सिलीची रेघ बघून म्हणाला, "सुताराचं काम आहे, केसभर चूक नाही." मी म्हटलं, "त्याला शिवण जमलं नाही म्हणून." ओटा वाळायला वेळ लागला. काल सकाळी त्यांच्या माणसांनी दगड बसवला. पाणसळ लावून बघितलं, एकदा उचलून पुन्हा ठेवला आणि मग त्यातला एक दगडावर हात फिरवून म्हणाला, "झालं बाई."

मी दुपारपर्यंत थांबले. ऊन आलं तसं आधी तिचं नाव उजळलं, मग सालं, मग खालचा शब्द. माळी लांबून बघत होता. शेजारच्या नंबरचे लोक आले होते, त्यांच्यातल्या एका बाईनं तिचं नाव मोठ्यानं वाचलं आणि शिंपीण होत्या वाटतं, असं आपल्या मुलीला सांगितलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तो पत्रा माळ्यानं उपटला आणि मला हवा का विचारलं. मी नको म्हटलं.

बाबांकडेही जाऊन आले. तू तिथं त्यांना काय सांगून आलास ते तू मला सांगितलं नाहीस आणि मी विचारणार नाही. कोरी जागा आहे तशीच आहे. पाय पसरून घोरू देत आता.

आज कचेरीत शेवटची पावती घ्यायला गेले. फी भरली, शिक्का बसला. मी पिशवी उचलली तर कारकून म्हणाला, "थांबा, देखभाल करणाऱ्याचं नाव एकदा तपासून घ्या." मला वाटलं, माझंच असणार. दर आठवड्याला मीच जाते, गवत मीच काढते, दुसरं कोण? नियम आहे की देखभाल करणारा इथंच राहणारा हवा, त्याचा मुक्कामाचा पत्ता लागतो. त्यानं चष्मा खाली घेतला आणि वाचून दाखवलं. देखभाल करणारा: मुलगा. पुढं तुझं नाव. पत्ता: माझ्या दुकानाचा, वरचा मजला.

मी कागद माझ्याकडे वळवला, अक्षर तुझंच. कधी लिहिलंस रे हे? तुझी सही द्यायला आपण कचेरीत गेलो आणि मी पाणी प्यायला नळावर गेले तेव्हा? मला एक शब्द बोलला नाहीस. बसमध्ये बसताना खिडकीतून "ताई, गुडघ्याला तेल लाव" म्हणालास आणि हे बोलला नाहीस.

कारकुनानं विचारलं, "हे तुमच्याकडेच राहतात ना? बाहेरगावचा पत्ता असेल तर अर्ज परत करावा लागतो."

टिल्ल्या, मी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हटलं, "हो, इथंच राहतो. सामान आणायला गेलाय."

आता मला खोटं पाडू नकोस.

ताई